स्प्रिंगची शेपटी

त्या उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी लवकर खाली गेलं, आणि पाणी खाली गेलं तशी मिस्त्रीच्या ओसरीवर इंजिनं चढायला लागली. एरवी तासभर चालणारं पाण्याचं इंजिन चार-चार तास पळवलं की त्याचं जे काही दुखतंखुपतं असतं ते बाहेर पडतं. कुणाची सुरू करायची दोरी तुटायची, कुणाची टाकी गळायची, पण निम्म्याहून जास्त माणसं आटे गेले म्हणून यायची. इंजिन बंद पडलं की माणूस आधी प्लग काढतो, फडक्याने पुसतो, परत लावतो. परत लावताना तो घाईत असतो, चिडलेला असतो, आणि हाताने चार फेरे द्यायच्या आधीच पाना लावतो. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या टोपणात, म्हणजे हेडमध्ये, पोलादी प्लग तिरका शिरला की आतले आटे चकाकता भुगा होऊन बाहेर येतात आणि प्लग बरणीच्या सैल झाकणासारखा नुसता फिरत राहतो.

दुकानदार म्हणायचे, नवं हेड टाका. मिस्त्री म्हणायचे, आणा इकडे.

मिस्त्रींना घरात अण्णा म्हणत. चाळीस वर्षं ते ओसरीवरच्या एका फळकुटावर बसून हे एकच काम करत आले होते असं म्हटलं तरी चालेल. झिजलेलं भोक जरासं मोठं करायचं, त्यात मोठ्या मापाचे नवे आटे पाडायचे, आणि त्या आट्यांत पोलादी तारेची एक आखूड स्प्रिंग फिरवत बसवायची. स्प्रिंगच्या पोटात प्लगच्या मापाचे आटे तयारच असतात. ती बसली की हेड नव्याहून बळकट होतं. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला तारेची एक आडवी शेपटी असते, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला धरूनच स्प्रिंग आत फिरवावी लागते. एकदा बसली की शेपटीचं काम संपलं. पंच ठेवून हातोडीची एक टिचकी मारायची, शेपटी तुटते, ती बाहेर काढायची.

ती बाहेर काढण्यातच सगळी मेख. आत राहिली तर पिस्टनच्या डोक्यावर नाचते आणि इंजिन खाते. म्हणून अण्णांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. तुटलेली शेपटी कागदाच्या तुकड्यात बांधायची आणि इंजिनाबरोबर मालकाच्या हातात द्यायची. "ही बाहेर आहे म्हणजे आत नाही," एवढंच म्हणायचे. लोक ती पुडी घरी नेऊन खिळ्याला लटकवायचे. गिरणीवाला चेष्टेने म्हणायचा, मिस्त्री म्हणजे आमची सुईणच, नाळ कापून वर हातात देतात.

गेली दोन वर्षं अण्णांच्या समोर त्यांची थोरली लेक बसत होती. दहा वर्षांपूर्वी ती सासरहून चार दिवसांसाठी म्हणून आली आणि परत गेली नाही. त्यावर बोलायचं होतं ते सगळं गाव बोलून दमलं होतं. धाकटी दूर दिली होती, तिचं बरं चाललं होतं. थोरली घरात शिवण करायची, वाचायला मिळेल ते वाचायची, आणि अण्णांच्या बोटांना कळेनासं झालं तेव्हा शिवण बाजूला ठेवून ओसरीवर येऊन बसली.

त्यांचा हात थरथरत नव्हता. बोटांच्या टोकांना कळत नव्हतं, बस. चहाचा गरम पेला ते खुशाल तळव्यात धरून बसायचे आणि आई ओरडली की खाली बघायचे. आटे पाडायच्या टॅपचा दांडा फिरवताना मनगटाला अजून सगळं कळायचं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, तिथे ते चुकत नव्हते. पण बारीक वस्तू बोटांत आली की नाही हे त्यांना बघूनच समजायचं. म्हणून शेपटी काढायचं काम थोरलीकडे आलं. ते नीट जमावं म्हणून तिने खाटेखालच्या एका मोडक्या हेडवर पावसाळाभर सराव केला होता. सरावात तुटलेल्या शेपट्या ती तिथेच खाटेखाली एका डबीच्या झाकणात टाकत गेली. त्या टाकून द्यायला हव्या होत्या. पण पहिल्यावहिल्या कामाच्या होत्या, राहिल्या.

रोपवाला आला तो सकाळी, ऊन अजून अंगणाच्या अर्ध्यात होतं तेव्हा. हातगाडीवर इंजिन आणि अंगभर घाम. तो आणि त्याची बायको भाजीची रोपं तयार करून विकायचे. ओढ्याच्या काठाला जाळीखाली त्यांचे ट्रे मांडलेले असायचे. मूठभर मातीत उभं राहिलेलं रोप दुपारपर्यंत पाण्यावाचून टिकतं, पुढे मान टाकतं, हे त्याने येता येताच दोनदा सांगून टाकलं. प्लग काल संध्याकाळीच फिरायला लागला होता. त्याने तो दोऱ्याचं वेटोळं घालून, साबण लावून, नाना परींनी बसवून पाहिला होता.

"साबण कशाला लावलास?" अण्णांनी विचारलं.

"बायको म्हणाली."

"मग आंघोळ घालूनच आणायचं होतंस."

अण्णांनी हेड बघितलं. नियमाने ते सोडवून, इंजिनापासून वेगळं करून मग आटे पाडायला हवेत, म्हणजे काही आत पडायचा प्रश्नच येत नाही. पण हेड काढलं की खालचं पॅकिंग फाटतं, आणि पॅकिंगचं दुकान त्या दिवशी बंद होतं. म्हणजे इंजिन उद्या दुपारी. रोपवाला खाली बसला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, जागेवरच करतो. टॅपला ग्रीस भरून लावतो, भुगा ग्रीसला चिकटून वर येतो. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. शेपटी हातात आली तर इंजिन आज जाईल. नाही आली तर हेड उघडणार, मग तू पाया पड नाहीतर शिव्या दे.

रोपवाल्याने मान हलवली.

काम छान झालं. थोरली इंजिन दोन्ही गुडघ्यांत धरून बसली आणि अण्णांनी टॅप उतरवला. अर्धा पुढे, पाव मागे. दर चार फेऱ्यांनी बाहेर काढून पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. दांडा उलटा येताना त्यांच्या ओठांचा चंबू व्हायचा, तो ती लहानपणापासून बघत आली होती. स्प्रिंग गेली ती एका दमात, सरळ, काठाच्या जराशी खाली जाऊन थांबली. त्यांनी पंच ठेवला आणि टिचकी मारली.

टिचकीबरोबर थोरलीला फरशीवर काहीतरी बारीक वाजल्यासारखं झालं.

तिने चिमटा घातला. ग्रीस आलं. परत घातला. बॅटरी लावून बघितलं तर आत नुसता काळा चिखल. अण्णांनी भोकावर पांढरं फडकं धरायला सांगितलं आणि तीनदा दोरी ओढली. फडक्यावर ग्रीसचे शिंतोडे आले, भुगा आला, शेपटी आली नाही.

"खाली बघ गं," अण्णा म्हणाले.

ती गुडघ्यांवर खाली गेली. फळकुटाखाली, खाटेखाली, भिंतीच्या फटीत हात फिरवला. अण्णाही वाकले आणि आपल्या तळव्याने फरशी चाचपायला लागले. त्या तळव्याला खडा लागला तरी कळलं नसतं, हे त्यांना माहीत होतं, तिलाही. तरी ते चाचपत राहिले. मग वर रोपवाला म्हणाला, आणि तो वाईट माणूस नव्हता, उन्हाकडे बघून बघून त्याचा जीव अर्धा झाला होता, "मिस्त्री, हाताला कळत नाही तर कबूल करावं माणसाने. आधीच दुसरीकडे गेलो असतो."

अण्णांचा तळवा फरशीवर होता तिथेच थांबला. खाटेखालून थोरलीला फक्त तो हात दिसत होता, नखांतल्या काळ्या रेघांसकट.

जुन्या शेपट्यांचं झाकण तिच्या कोपराशी होतं. फरशीवर वाजलं ते मी ऐकलंय, तिने स्वतःला सांगितलं. बाहेरच पडलीय, इथेच कुठेतरी आहे, संध्याकाळी झाडताना सापडेल. तिने झाकणातली एक शेपटी उचलली आणि खाटेखालून म्हणाली, "सापडली."

तिने ती अण्णांच्या तळव्यावर ठेवली. त्यांना तिचा स्पर्श कळला नाही, म्हणून त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला, बघितली, मान हलवली, आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की तिला बघवेना. त्यांनी कागद फाडला, पुडी बांधली, आणि रोपवाल्याच्या हातात देताना नेहमीचं वाक्य नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाले.

संध्याकाळी तिने ओसरी दोनदा झाडली. भुगा सापडला, एक वॉशर सापडला, सुईचं मोडकं टोक सापडलं. वाजलं होतं ते बहुतेक तेच. शेपटी नव्हती.

तेव्हा तिने जाऊन सांगायला हवं होतं. रोपवाल्याचं घर ओढ्यापलीकडे, चालत अर्धा तास. ती पायात चपला घालून अंगणापर्यंत गेलीही. मग अण्णा आईला सांगताना ऐकू आले, की अजून जमतं, अगदीच काही टाकाऊ झालो नाही. आई म्हणाली, झालात तरी घेणार कोण आहे. दोघं हसली. थोरलीने चपला काढून ठेवल्या.

पाचव्या दिवशी हातगाडी परत आली. इंजिन बंद पडलं होतं ते असं की दोरी ओढता येत नव्हती. रोपवाला या वेळी नरम होता, आणि त्याचा नरमपणा थोरलीला त्याच्या टोमण्यापेक्षा जास्त लागला. तो आल्याआल्याच सांगायला लागला की चूक माझीच आहे, तेल कमी पडलं असणार. दुसऱ्या दिवसापासून आतून टकटक येत होती. बायको म्हणाली, मिस्त्रींकडे ने. पण पुडी खिळ्याला होती ना. शेपटी बाहेर आहे म्हटल्यावर तो धरून चालला की हे दुसरंच काही असणार, रोपांचं पाणी होईस्तोवर चालेल तितकं चालू दे. चालवत राहिला.

"पुडी आणलीय?" अण्णांनी विचारलं.

त्याने खिशातून काढून दिली, जणू काही दाखल्याचा कागद.

अण्णांनी हेडचे बोल्ट सोडवले. पॅकिंग फाटत वर आलं. पिस्टनचं डोकं देवी आलेल्या तोंडासारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं, आणि सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक रेघ होती. अण्णांनी रेघेवरून बोट फिरवलं, पण बोट त्यांना काही सांगेना. ते थोरलीला म्हणाले, "नख लावून बघ." तिने लावलं. नख रेघेत अडकलं. पुढे विचारायचं काही उरलं नाही. सिलिंडर गेला.

मग त्यांनी पिस्टनच्या काठाशी चिमटा लावला आणि रुतलेला एक चपटा तुकडा उपटून काढला. कागदावर ठेवला. पुडी सोडून तिच्यातली शेपटी त्याच्या शेजारी ठेवली. एक चेचलेली, एक कोरी. ते त्या दोन्ही शेपट्यांकडे बघत बसले. ओसरीवरच्या पत्र्याला ऊन लागून तो मधूनच कडकत होता. थोरली समोरच होती, डब्यात रॉकेल घेऊन.

अण्णांनी मान वर केली. "त्या दिवशी मी दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या का गं?"

त्यांनी ते सरळ विचारलं, जाब म्हणून नाही. रोपवाला त्या दिवशी उन्हाकडेच बघत होता, काम जवळून बघितलेलं दुसरं कुणी नव्हतं.

थोरली म्हणाली, "आठवत नाही."

"मलाही नाही," अण्णा म्हणाले.

आणि मग रोपवाल्याकडे वळून त्यांनी सगळं लावून दिलं. पहिली स्प्रिंग वाकडी गेली असणार. ती काढली असेल, तिची शेपटी आत राहिली असेल. मग दुसरी बसवली, तिची शेपटी बाहेर आली, ती तुला दिली. पहिली मी साफ विसरलो. तेल तुझं पुरेसं होतं. चूक माझी आहे. त्यांच्या सांगण्यात एकही फट नव्हती. ऐकताना थोरलीला क्षणभर वाटलं की असंच झालं होतं.

रोपवाला ओशाळला. "होतं मिस्त्री," तो म्हणाला, "वयच आहे."

अण्णांनी घरामागून आपलं स्वतःचं इंजिन आणलं. परसातल्या भाजीच्या वाफ्यांना ओढ्यावरून पाणी आणायचं, त्याच बनावटीचं. त्यातला सिलिंडर आणि पिस्टन काढून त्यांनी रोपवाल्याच्या इंजिनात बसवले, नवं पॅकिंग टाकलं. रोपवाला नको नको म्हणत राहिला, पण त्याची नजर कामावरून हलत नव्हती, रोपं वाट बघत होती. या वेळी शेपटीचा प्रश्न नव्हता. पुडी दिली नाही. निघताना तो पाया पडायला वाकला तेव्हा अण्णांनी पाय मागे घेतले.

त्यानंतर घरच्या वाफ्यांना पाणी डब्यांनी आणायचं सुरू झालं. ओढ्यात आता खड्डे करून पाणी भरावं लागायचं. वाटीवाटीने डबा भरायचा, चढ चढून आणायचा, ओतायचा. सकाळी थोरली, आई आणि अण्णा तिघं जायची. अण्णांच्या तळव्याला डब्याची कडी कापायची, ते त्यांना कळायचं नाही, आई घरी आल्यावर त्यांचा हात उलटा करून बघायची आणि हळद भरायची. वाल जळाले. वांगी कशीबशी धरून राहिली.

ओसरीवर काम आवळून धरायच्या व्हाइसवर फडकं टाकलेलं राहिलं. कुणी आलं की अण्णा म्हणायचे, थोरलीकडे द्या. ती करायची. तिचा हात आता चांगला बसला होता. आधी ते प्रत्येक कामात डोकं घालायचे, टॅप सरळ आहे का म्हणून एक डोळा मिटून बघायचे. आता ते अंगणात पाठ करून बसायचे. तिने मुद्दाम विचारलं, अण्णा, हे बघता का जरा, तर म्हणायचे, माझ्या बघण्याचं काय घेऊन बसलीस.

आणि विचारायला लागले. कडी लावली का मी? आंघोळ झाली का माझी? एकदा आंघोळ करून ओल्या केसांनी येऊन त्यांनी हे विचारलं. आई आधी चेष्टेवर न्यायची. चाळीस वर्षं बाजारातून अर्धं सामान विसरून येताय, आजच कशी उपरती झाली? पण एके दिवशी ते जेवायला बसले आणि पानाकडे बघून म्हणाले की हे दुसऱ्यांदा तर नाही ना. तेव्हा आई उठून आत गेली.

त्यांचं काहीही विसरलेलं नव्हतं. थोरली बघत होती. कडी लावलेली असायची, आंघोळ झालेली असायची. विचारण्याआधी ते सगळं नीट करत. फक्त केलं यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

इंजिन परत गेल्यापासून बाराव्या दिवशी ती त्यांची नखं कापत होती. ते काम आता तिचंच होतं, त्यांना स्वतःचं मांस कुठे संपतं ते कळायचं नाही. अंगणात उन्हाची तिरीप होती, तिथे पाट टाकून दोघं बसली होती. उजवा हात झाला. डावा मांडीवर घेतला, दोन नखं कापली. आणि त्या हाताकडे बघतच तिने सांगितलं. शेपटी सापडली नव्हती. झाकणातली उचलून दिली. तुम्ही एकच स्प्रिंग बसवली होती, एका दमात गेली, मी समोर होते. तुम्ही काही विसरला नाहीत, अण्णा. मी खोटं बोलले. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा परत बोलले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आली ती एक माया, आणि थोरलीने नखं कापायचं थांबवलं.

"धाकटीने दुधाचं पातेलं सांडलं होतं," ते म्हणाले, "तेव्हाही तू अशीच येऊन उभी राहिलीस. मी सांडलं म्हणालीस. तुझे हात कोरडे होते."

"हे तसं नाही."

"बरं."

"अण्णा, स्प्रिंगांची डबी आणते. मोजा. एकच कमी असेल."

"आधी किती होत्या ते आठवत असतं तर मग काय पाहिजे होतं?" ते हसले, अगदी हलकं. "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस गं. तुला जमत नाही ते."

ती रडली नाही. तिने चिडून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रोपवाला काय म्हणाला, तुमचा तळवा कुठे होता, झाकण कुठल्या बाजूला होतं. जितकं बारीक सांगत गेली तितकं ते रचल्यासारखं वाटायला लागलं, तिच्या स्वतःच्याच कानाला. शेवटी अण्णांनी आपला डावा हात तिच्या मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाले, तीन नखं राहिलीत.

तिने ती कापली.

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. थोरली आत आली तेव्हा तिने हातातलं काम न थांबवता विचारलं, "खरं आहे ना?"

"हो."

आईने भांडं घासून उपडं घातलं, दुसरं घेतलं. मग म्हणाली, "मला पटलं. पण आता परत सांगू नकोस त्यांना. हात गेला असं वाटतंय, डोकं गेलं असं वाटतंय. लेकही गेली असं कशाला वाटू देतेस?"

"म्हणजे त्यांनी वेडं ठरायचं स्वतःला?"

"मला काय विचारतेस," आई म्हणाली. "मला विचारून केलंस का?"

त्याच दुपारी थोरली ओढा ओलांडून रोपवाल्याकडे गेली. त्याने येऊन अण्णांना सांगावं, बाहेरच्याचं ते ऐकतील, एवढं तिच्या मनात होतं. जाळीखाली हिरवा थंडावा होता आणि अण्णांचा सिलिंडर पोटात घेऊन ते इंजिन ओढ्याच्या खड्ड्यातून पाणी उपसत होतं, एकसारख्या आवाजात. रोपवाला आणि बायको ट्रेमधून रोपं काढत होती. दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती त्या दोघांसमोरच बोलली. आडपडदा ठेवला नाही. तुमच्या इंजिनाचं नुकसान मी केलं, अण्णांनी नाही.

रोपवाल्याने हातातली रोपं खाली ठेवली. तो गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला, "बघितलंत? उन्हातून चालत आलीय, बापाच्या डोक्यावरचं आपल्या डोक्यावर घ्यायला."

"मी खरं सांगतेय."

"खरंच की, ताई. मिस्त्रींनी माझ्यासमोर कबूल केलंय. आठवत नाही म्हणालात तुम्ही, मी तिथेच होतो." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "मी त्या दिवशी नको ते बोललो त्यांना. ते अजून मला खातंय. आणि तुम्ही वर माझ्या दारात येताय."

रोपवालीने पदराने हात पुसले आणि थोरलीच्या गालावरून फिरवले. गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारा म्हणाला, मुलगे काय कामाचे, लेक असावी तर अशी. थोरली म्हणत राहिली, तुम्ही ऐकून तरी घ्या. ते ऐकून घेत होते. तिच्या प्रत्येक वाक्यावर त्यांची मान जास्तच आदराने हलत होती. निघताना रोपवालीने ओल्या फडक्यात गुंडाळून वांग्याची आणि मिरचीची रोपं तिच्या हातात कोंबली. नको म्हणायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा अण्णा अंगणात होते. त्यांनी फडकं उघडून रोपांची मुळं बघितली, चांगली आहेत म्हणाले. कुणी दिली ते विचारलं, का दिली ते विचारलं नाही. रोपवाल्याच्या गिऱ्हाइकांनी त्यांच्यापर्यंत ते आधीच पोचवलं असावं, कारण ते तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर थांबले. त्या हाताला तिचे केस कळत नव्हते.

त्यानंतर अण्णांना आणखी एकच उन्हाळा मिळाला, आणि त्यातही त्यांनी व्हाइसवरचं फडकं काढलं नाही. पण त्या संध्याकाळी ते उठले. रोपं फडक्यात ठेवून चालणार नव्हती. जळालेल्या वालांचा वाफा थोरलीने उकरला, आईने ढेकळं फोडली, आणि अण्णा म्हणाले, पाणी मी आणतो, तुम्ही लावा. पहिल्या पाण्याला दहा डबे लागतील, कमी नको, जास्त नको, मुळं कुजतात.

ते ओढ्यावर जायचे, यायचे, सरीच्या तोंडाशी डबा हळू ओतायचे. थोरली बोटाने भोक पाडायची, रोप ठेवायची, माती दाबायची. ऊन उतरलं. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चढावर ते दोनदा थांबले. एक डबा ओतून झाल्यावर ते तिथेच उभे राहिले, रिकामा डबा हातात धरून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती हल्लीची धास्ती आली.

"किती झाले गं?"

ती मोजत होती. पहिल्यापासून मोजत होती. "सात."

"मला सहा वाटले."

"सात झाले, अण्णा."

"तू म्हणतेस म्हणजे सातच," ते म्हणाले, आणि आठवा आणायला वळले.